तोकड्या पायाखालचा कागद

मित्रांनो, प्रार्थनागृहात मागून तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, जो बाक सतत डुगडुगतो तो मी. माझा एक पाय आगकाडीच्या जाडीएवढा तोकडा आहे. चूक माझी नाही. मला घडवले तेव्हा सुताराला जेमतेम मिसरूड फुटले होते. मी त्याचे पहिले काम. त्याने माप घेतले, घाई केली आणि एक पाय जास्त कापून बसला. त्याची थोरली बहीण माझ्यावर पहिल्यांदा बसली, मागेपुढे हलली आणि म्हणाली, "छोट्या, बाक केलास की पाळणा?" पण उठली नाही. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. त्याच्या चुका सांभाळून घ्यायची तिला सवय होती.

तेव्हापासून दर रविवारी ती दोघे माझ्यावरच बसत. इथे सगळेच तिला ताई म्हणू लागले, मीही म्हणतो. सुतार साऱ्या जगाच्या खुर्च्या-टेबले सरळ करायचा आणि माझ्या वाट्याला मात्र "पुढच्या आठवड्यात बघू". हे "बघू" ऐकता ऐकता पस्तीस वर्षे गेली. स्वस्थता कशाला म्हणतात ते मला ठाऊकच नव्हते. पाळकांचा उपदेश रंगात आला की नेमकी माझी खडखड मध्ये यायची, पुढचे लोक वळून बघायचे आणि मी लाकूड असूनही मला लाज वाटायची. माझे एकच मागणे होते : देवा, मला एकदा तरी स्थिर उभे कर.

मग ताईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चेहरा सुजलेला, हात सुयांनी काळेनिळे. तरी त्यांनी रविवार चुकवला नाही. कुणाची किडनी मिळाली तर बरे, असे डॉक्टर म्हणाले, म्हणून सुताराने स्वतःची तपासणी करून घेतली.

एका बुधवारी तो खिडकीची बिजागरी बसवायला एकटाच आला. काम राहिले बाजूला. तो माझ्यावर बसला, खिशातून एक कागद काढला आणि पुन्हा पुन्हा वाचला. "जुळतंय," तो पुटपुटला. मग स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. पोट चिरल्यावर फळ्या उचलता येतील का? भूल दिल्यावर जाग येईलच का? सगळे मोठ्याने बोलत होता आणि ऐकायला मी एकटा. कागद फाडावा म्हणून त्याने दोन्ही हातांत धरला, पण फाडवेना. घरी न्यावा तर तेही धाडस होईना. शेवटी त्याने घडीवर घडी घातली, खाली वाकला आणि ती माझ्या तोकड्या पायाखाली सरकवली.

मित्रांनो, पस्तीस वर्षांत प्रथमच मी हललो नाही.

रविवारी ताई येऊन बसल्या. "अगं बाई, आज बाक गप्प कसा?" त्यांनी कौतुकाने माझी पाठ थोपटली. "केलास बाबा एकदाचा दुरुस्त! आणि रिपोर्टचं काय रे, छोट्या?"

"आला नाही अजून," सुतार म्हणाला.

ज्या कौतुकासाठी मी जन्मभर झुरलो ते मिळाले आणि मला बोचू लागले. ताईंचे जगणे माझ्या पायाखाली दडपलेले आणि मी ऐटीत उभा! ओरडून सांगावेसे वाटे, पण बाकाला तोंड कुठले? सुताराची अवस्था माझ्याहून वाईट. मी हलायचा थांबलो तर त्याचा गुडघा हलू लागला. प्रार्थनेच्या शेवटी सगळे एकत्र म्हणत, "देवा, आमच्या नाही, तुझ्या मनासारखं होऊ दे." त्या वाक्याला त्याचा आवाज बुडायचा. शेजारच्यांना कळत नसेल, मला कळत होते.

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी पाळक ख्रिस्ताच्या बलिदानाबद्दल बोलले. "आपल्याला वाटतं, प्रभू हसत हसत वधस्तंभावर गेला. तसं नाही. आदल्या रात्री बागेत त्याचाही जीव घाबरा झाला होता. हे टळलं तर बरं, असं तो बापाला म्हणाला. आणि तरी उठून गेला, तुमच्या-माझ्यासाठी. भीती वाटणं पाप नाही. पण त्याचे आभार नुसत्या तोंडानं मानू नका."

सुताराचा गुडघा थांबला. भर प्रार्थनेत तो खाली वाकला आणि त्याने माझ्या पायाखालचा कागद ओढून काढला. मी खाडकन कललो. सगळ्या माना वळल्या. त्या दिवशी मला मुळीच लाज वाटली नाही.

ताईंनी चष्मा पुसून कागद वाचला, वरची तारीख बघितली. "अठरा दिवस मी देवापुढे हात पसरतेय," त्या म्हणाल्या, "आणि उत्तर माझ्याच बुडाखाली?"

"भ्यालो, ताई."

"मग नको देऊस. परत मागायचं म्हणून नाही वाढवलं तुला."

"अजूनही भीती वाटतेच," तो म्हणाला, "पण देणार आहे."

ताईंनी आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोके टेकून रडल्या. प्रार्थनेचे शेवटचे वाक्य आले तेव्हा सुताराचा आवाज सगळ्यांत मोठा होता, थोडा चिरकलेला.

मग कितीतरी रविवार माझ्यावर ती दोघे दिसली नाहीत. माझा जीव टांगणीला लागला. माझी खडखड ऐकून कुणीतरी म्हणाले, "हा मोडका बाक अडगळीत टाका." टाका, पण आधी ती दोघे दिसू देत, असे मी घोकत होतो. प्रार्थनेतले ते शेवटचे वाक्य मला काही केल्या म्हणवेना. सुताराचा आवाज का बुडायचा ते मला तेव्हा कळले. खूप दिवसांनी एकदा मी ते म्हणालो, तेही अर्धवट.

आणि एका सकाळी ती दोघे आली. सुतार कुशीवर हात धरून सावकाश चालत होता. ताईंच्या गालांवर रंग होता. बसताच मी खडखडलो.

"तीन महिने करवत धरायची नाही म्हणालेत," सुतार ओशाळून म्हणाला.

"डुगडुगू दे," ताई म्हणाल्या. "गप्प होता तेव्हाच माझा घात करत होता मेला."

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा बाक, एखादे टेबल डुगडुगत असेल. त्याला अडगळीत टाकू नका, कागदाची घडी सरकवून वेळही मारून नेऊ नका, त्याचा पाय नीट करा. आणि फार दिवसांची खडखड एकाएकी थांबली, तर तेवढ्यावर खूश होऊ नका. एकदा खाली वाकून बघा. कुणीतरी देवाकडे मागितलेले उत्तर तिथे घडी घालून ठेवलेले असेल.