दोन्हींना वर गेलेले हात

मी ग्रामपंचायतीचा माईक बोलतोय. एरवी लोक माझ्यातून बोलतात. माझं स्वतःचं हे पहिलंच बोलणं, तेही गोंधळलेलं.

मी जन्मलो कुठे, ठाऊक नाही. पोटावर चिनी अक्षरं आहेत, बटणावर इंग्रजी. राहात्याच्या बाजारातून मला गावात आणलं आणि तेव्हापासून तोंडात मराठीच. हळदीची गाणी, दहाव्याची भाषणं, नाताळची भजनं, हरवलेल्या शेळीची दवंडी, सगळं मी सांगितलं. अर्थ मात्र कधी कुणी विचारला नाही.

यंदा ग्रामसभेत विषय निघाला. गावच्या शाळेची पहिली मराठीतच ठेवायची, की इंग्रजी करायची? एडविन सर मराठीसाठी उभे राहिले. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली शिकलेलं. ते म्हणाले, स्वातंत्र्य मिळालं तेव्हाच कोर्ट, दवाखाना, कॉलेज लोकांच्या भाषेत आणलं असतं, तर आज देश वेगळा असता. स्वतःच्याच खटल्यात कुणाला मुक्यानं उभं राहावं लागलं नसतं. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. मीही खरखरलो.

मग राहीबाई उठल्या. त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी यंदा पहिलीत जाणार.

"सर, देशानं तसं केलं असतं तर लई बरं झालं असतं. पर केलं न्हाई ना. मंग आता एकट्या माझ्या पोरीनंच ते निस्तरायचं का?"

सरपंच बिभीषणअण्णांनी मतं विचारली. मराठीला कोण? सगळे हात वर. इंग्रजीला कोण? पुन्हा सगळे हात वर. समोरच्याला तोंडावर नाही म्हणायची आमच्या गावात रीतच नाही. अण्णा वैतागले, एवढं एकमत जत्रेच्या वर्गणीलाही होत नाही, म्हणाले.

सर राहीबाईंजवळ आले. मी चालूच होतो.

"राहीबाई, तुमचाही हात दोनदा वर?"

"व्हय सर. एकदा मनापासून, एकदा भ्यानं."

"कुठला कशाला?"

"घरी गेल्यावर मी बी सोताला हेच इचारनार हाय."

सभा तहकूब झाली. ज्ञानेश्वरीचं नाव अजून कुठल्याच शाळेत घातलेलं नाही. मी कपाटात पडून विचार करतो, देशाची भाषा ठरत होती तेव्हा माझ्या एखाद्या पूर्वजापुढेही असेच दोन्हींना हात वर गेले असतील का?

मला कळत नाही. पण पुढच्या सभेत मला हातात घ्याल तेव्हा, गाववाल्यांनो, आधी आपलं भ्या बोलून दाखवा. मनापासूनचं तर मी केव्हाचा ऐकतोय.