चौथ्या मजल्यावरचा मुलगा

डिंपलने टोमॅटोचं फूल बोटातल्या अंगठीत टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं, कारण फोनमधला ओम आता बोलणार होता. अंगठी म्हणजे काही दागिना नव्हे. प्लास्टिकच्या कड्यावर बसवलेली इवलीशी वाटी आणि तिच्यात नर झाडांचे पराग. मादी फुलाचं टोक त्यात टेकवायचं, खूण म्हणून फुलाखालच्या दोन हिरव्या पाकळ्या खुडायच्या, की पुढचं फूल. या कामाला सगळे क्रॉसिंग म्हणतात. बियाण्याच्या हंगामात त्याला सुट्टी नसते. आजचं फूल उद्याची वाट पाहत नाही.

"बोल ना बे, बोल!" सोजराबाई पलीकडच्या ओळीतून ओरडल्या.

ओम बोलला नाही. कुणीतरी दारावरची बेल वाजवली, फोनमधली माणसं खो खो हसली आणि शेडनेटमधल्या, त्या हिरव्या जाळीच्या मांडवातल्या बायकांनी ओमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"राबिया, काय करून राह्यला वं तो?"

"काही नाही. तिच्याकडं पाहून राह्यला. हातातला चहा सांडला त्याच्या शर्टावर."

फोन राबियाचा होता. तो पालथ्या क्रेटवर, स्टीलच्या गंजात, म्हणजे उभट पातेल्यात उभा करून ठेवलेला असायचा, म्हणजे आवाज शेवटच्या ओळीपर्यंत पोचे. डोळे आणि हात फुलांना दिलेले, उरले कान. राबिया घरी आदल्या दिवशीच भाग पाहून यायची आणि जिथे नुसती शांतता असे तिथे काय दिसतं ते सांगायची. मालिकेचं नाव 'लिफ्ट बंद आहे'. पुण्यातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर पाच मित्रमैत्रिणी राहतात, लिफ्ट कधीच चालत नाही, आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी हवं असतं. मिळतं मात्र भलत्यालाच. ओमला सानिका हवी होती. हे साऱ्या जगाला ठाऊक होतं, एक सानिका सोडून.

बायकांचा जीव ओममध्ये अडकला होता. डिंपलचा अडकला होता त्या घरात. तिथलं दार कधी आतून लावलेलं नसायचं. कुणीही यावं, सोफ्यावर अंग टाकावं, दुसऱ्याच्या ताटातलं खावं, रडावं, आणि रडून झाल्यावर कुणीतरी चहा ठेवावा. असं राहायला मिळालं तर काय बहार होईल, या विचाराने तिला कधी कधी रात्री झोप येत नसे. आणि आज चार वाजता तिला पाहायला येणारा मुलगा पुण्यात, मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये राहत होता. मजला चौथा.

ही शेवटची गोष्ट तिच्या आईकडून राबियाला कळली आणि शेडनेटभर झाली, तेव्हापासून कुणाचा पाय जमिनीवर नव्हता.

"सोफा हाय का, ते विचारजो आधी," तानाबाई म्हणाल्या.

"सोफ्याचं काय घेऊन बसल्या? मित्र कसे हायेत ते विचार. ओमसारखा एखादा असंल तर त्याचं आपल्या सायराशी जमवू," राबिया शेजारच्या ओळीतल्या पोरीकडे पाहत म्हणाली.

"तू आधी याचं तर जमू दे!" डिंपल म्हणाली खरी, पण तिचे कान लाल झाले होते. या आधी दोन स्थळं येऊन गेली होती. एकाने तिची उंची विचारली, दुसऱ्याने मोबाईलमधून मान वर केली नाही. तिसऱ्याच्या बाबतीत तिने मनातल्या मनात कधीच हो म्हणून टाकलं होतं. घरी खुंटीला मोरपंखी ड्रेस इस्त्री करून लटकत होता. तोवर अंगात बाबांचा जुना शर्ट, डोक्याला गच्च बांधलेला रुमाल आणि टोमॅटोच्या झाडांनी कोपरापर्यंत हिरवेकाळे झालेले हात, अशा थाटात ती पुढच्या झाडाकडे वळली.

तेवढ्यात दाराकडून उजेडाचा झोत आला.

शेडनेटला दोन दारं असतात. एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण एक मधमाशी जरी आत शिरली तरी ती कुणाचे पराग कुणाला नेऊन देईल याचा नेम नाही, आणि मग साऱ्या मेहनतीचं वाटोळं.

"कोण हाय बे तो?" सोजराबाई कडाडल्या. "दोन्ही दारं सताड उघडून उभा राह्यला येड्यासारखा! लाव आधी! माशी शिरंल ना!"

दारातल्या मुलाने घाबरून मागचं दार ओढलं, तर पुढचं सुटलं. पुढचं धरलं, तर मागचं वाऱ्याने उघडलं. शेवटी एक पाय मागच्या दाराला लावून त्याने पुढचं बंद केलं आणि तो मधल्या बोळकांडीत कोंडला गेला. बायका हसून हसून वाकल्या. मग तो नीट आत आला. अंगावर आकाशी शर्ट होता. हा शर्ट डिंपलने फोटोत पाहिला होता.

"मी हर्षल," तो म्हणाला. "बस लवकर मिळाली. मामा आणि तुमचे बाबा विहिरीकडे थांबलेत. ते म्हणाले, फुलं सोडून तिला घरी बोलावता येणार नाही. म्हणून मीच आलो. चालेल ना?"

डिंपलला हात मागे लपवायचे होते, पण अंगठीतले पराग सांडले असते. ती तशीच बोट वर धरून उभी राहिली.

"अगं माय, पाहुणे!" सोजराबाईंचा आवाज एकदम मधात बुडाला. "मले वाटलं खताच्या दुकानातला पोरगा. बसा ना. त्या दुसऱ्या क्रेटवर बसा."

हर्षल बसला. बायकांची कामं चालूच होती, पण ओळी पाहता पाहता त्याच्याकडे सरकल्या. लांबची झाडं जशीच्या तशी राहिली आणि क्रेटजवळच्या झाडांना अचानक फार माणसं लागू लागली.

"चौथा मजला हाय ना?" तानाबाईंना दम निघेना.

"हो."

"अन् लिफ्ट?"

"लिफ्ट बंदच असते."

शेडनेटमध्ये असा काही कल्ला उठला की हर्षल दचकून उभाच राहिला. मग त्याची नजर गंजातल्या फोनकडे गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

"अरे! तुम्ही पण पाहता हे?"

"पाहतो कुठं, ऐकतो," राबिया म्हणाली.

"मी पण ऐकतोच. कंपनीच्या बसमध्ये, डोळे मिटून."

डिंपलने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. आजवर जे फक्त कानांनी ऐकलं, ते चालत येऊन समोर क्रेटवर बसलं होतं. आता तिलाही राहवेना.

"तुमच्याकडं सोफा हाय?" तिने विचारलं.

"नाही. दोन गाद्या आहेत."

"मंग सगळे बसता कुठं?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्याच्या मामांनी फ्लॅटचं वर्णन करताना ते बऱ्यापैकी केलंही होतं.

"बसत नाही," तो म्हणाला. "चौघांच्या पाळ्या वेगळ्या आहेत. मी येतो तेव्हा गादी गरम असते, पण माणूस गेलेला असतो. दीपक म्हणून एक आहे आमच्यात. त्याचं लग्न जमलं, ते मले त्याच्या स्टेटसवरून समजलं. एकाच खोलीत राह्यतो आम्ही."

इतका वेळ तो 'मला' म्हणत होता. आता 'मले' म्हणून गेला आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

फोनमधली माणसं हसतच होती. राबियाने पुढे होऊन फोन बंद केला.

डिंपलला राग आला. फ्लॅटचा नाही, याचाच. काय जात होतं याचं, म्हणाला असता सोफा आहे, म्हणाला असता संध्याकाळी सगळे मिळून चहा पितो! तिने दोन फुलं गरजेपेक्षा जोरात खुडली. डोळे भरून आले, ते तिने शर्टाच्या बाहीला पुसले आणि टोमॅटोचा हिरवा पट्टा गालावर ओढला गेला.

"तुम्ही सगळ्या रोज इथं असता?" हर्षलने विचारलं.

"जाऊ कुठं मंग?" सोजराबाई म्हणाल्या.

"रोज? दिवसभर? सगळ्या एकत्र?"

"हो ना. ही तानाबाई तर माहेरी गेली तरी दुसऱ्या दिवशी पळून येते. म्हणते, तिथं करमत नाही."

"तिथं कोणी भांडाले नसते," तानाबाईंनी खुलासा केला.

हर्षलने मग एकेकीचं नाव विचारलं. कोण कुणाची कोण लागते, राबियाच्या डब्यातली भाजी सगळ्या काऊन पळवतात, सोजराबाईंना कुणी चिडवायचं आणि कुणी चिडवायचं नाही, सगळं विचारलं. मालिकेच्या आधीच्या भागांची गोष्ट उशिरा आलेल्या माणसाने विचारावी, तसं आधाशासारखं विचारलं. बायका एकमेकींचं बोलणं तोडून सांगू लागल्या. एवढं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"मी एक फूल करून पाहू?" तो शेवटी म्हणाला.

डिंपलने अंगठी काढून त्याला दिली. त्याचं बोट जाड होतं, ती पहिल्या पेरावरच अडकली. तिने फूल कसं धरायचं ते दाखवलं. त्याने श्वास रोखून फूल धरलं, टोक परागात टेकवलं आणि देठापासून तोडूनच हातात घेतलं.

"झालं कल्याण!" सोजराबाई म्हणाल्या. "बापू, तुम्ही नर्सरी नका काढू."

सगळ्यांत मोठ्याने हर्षल हसला. किती दिवसांत हसला नसेल कुणास ठाऊक, हसता हसता त्याला ठसका लागला आणि राबियाने आपली पाण्याची बाटली त्याच्यापुढे केली. डिंपल त्याच्याकडे बघत राहिली. राग कुठे गेला ते तिला कळलं नाही.

बाहेरून रंगरावांची, तिच्या बाबांची हाक आली. हर्षल निघाला. दारं नीट लागतात का ते पाहायला डिंपल त्याच्यामागे गेली. मधल्या बोळकांडीत दोघं क्षणभर थांबली.

"एक सांगू?" तो खाली पाहत म्हणाला. "मी घरी हो म्हणणार आहे. पण तुम्ही नाही म्हणा."

"काऊन?"

"तिथं काही नाही हो. मी ड्यूटीवर गेलो की तुम्ही एकट्या, मी आलो की झोपणार. हे सारं सोडून तिथं कोणी येते का?"

त्याने बाहेरचं दार उघडलं आणि या वेळी अगदी बरोबर लावलं.

सूर्य मावळायच्या सुमारास रंगराव अंगणातल्या बाजेवर फोन घेऊन बसले. मामांनी निरोप आजच मागितला होता. मुलाची पुण्याची बस सुटायच्या आत.

"त्यायचा होकार हाय," ते म्हणाले. "आता तू सांग बाई. हो का नाही?"

आई चुलीपुढून वळून पाहू लागली. डिंपल खांबाला टेकून उभी होती. ओम आणि सानिका किती काळ त्या सोफ्यावर बसत होते! भांडले, रुसले, लिफ्टला शिव्या देत चार मजले चढले, पण कुणी त्यांना संध्याकाळच्या आत सांगा म्हणालं नाही. आणि तिला एका बशीभर पोह्यांत आयुष्य सांगायचं होतं.

"त्यायले आणखी एकदा येऊ द्या," ती म्हणाली.

"कशाले? बोलणी कराले?"

"नाही. नुसतं. बसाले."

"बसाले?" रंगरावांना शब्द कळला, अर्थ लागेना. "पाहणं झालं ना आता. परत येऊन काय करन तो?"

"बसन. बोलन. मंग परत एकदा येईन. मले अजून माईत नाही बाबा, हो का नाही ते. पण नाही म्हणू वाटत नाही."

"असं कुठं असते का? लोक काय म्हणतील?"

"लोकायचं राहू द्या," आई तव्यावरची भाकर उलटत म्हणाली. "विचारून तर पाहा."

रंगरावांनी बराच वेळ फोन हातात फिरवला. मग लावला. पलीकडून बसस्थानकाचा गलका ऐकू आला. ते आधी खाकरले, मग ऊन-पाण्याचं बोलले, मग एकदाचं म्हणून टाकलं. "पोरगी म्हणते, मुलाले परत एकदा पाठवा. नाही, तसं काही नाही. नुसतं बसाले म्हणते. हो हो, मले समजते, आपल्याकडं असं नसते..."

फोन पलीकडे या हातातून त्या हातात गेला असावा. रंगराव ऐकत राहिले आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"पुण्याहून? रात्रभर बसनं?" ते म्हणाले. "बरं. थांबा, विचारतो."

फोन कानापासून बाजूला घेऊन त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"रविवारी येतो म्हणते. विचारून राह्यला, दुपारी घरी येऊ, का सकाळीच क्रॉसिंगच्या टायमाले येऊ?"

"सकाळी!" डिंपल म्हणाली. तिला हळू म्हणायचं होतं, पण आवाज असा निघाला की बाजेखालची कोंबडी फडफडत बाहेर आली आणि आईने तोंडाला पदर लावला.

रंगरावांनी फोन पुन्हा कानाला लावायच्या आतच, पलीकडच्या त्या साऱ्या गलक्यातून, कुणीतरी हसत हसत म्हणालं,

"ऐकू आलं."