बरे झालेले उंदीर

पार्वताबाईंनी पदराने धरून गंज चुलीवरून उतरवला आणि काळपट काढा पेल्यात ओतला. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या पुतणीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"आली का? बस. एवढं पिऊ दे, मंग बोलू."

प्रतिक्षा उंबऱ्यावरच टेकली. सालीचा तुरट, ओल्या लाकडासारखा वास घरभर भरला होता. गावात त्या झाडाला नुसतं कडूसाल म्हणत. आईवडील कामासाठी बाहेरगावी असत, तेव्हा ती या मोठीमायपाशी, थोरल्या काकूपाशीच वाढली होती. उन्हाळ्यात दोघी उजाडताच साकोलीकडच्या जंगलात शिरत. वाटेत तेंदूची टेंभरं वेचून खात. साल काढण्याआधी मोठीमाय झाडाच्या बुंध्यावर तळहात टेकवून क्षणभर उभी राहायची, आणि मागे उभी असलेली छोटी प्रतिक्षाही तसाच हात टेकवायची. पुढे नागपूरच्या प्रयोगशाळेत त्याच सालीच्या अर्काची बाटली पहिल्यांदा उघडली, तेव्हा तिला स्टूल ओढून बसावं लागलं होतं. शेजारच्या मुलीने विचारलं, तर चक्कर आली म्हणाली.

"तुझ्या अंकुशचा फोन आला होता," ती म्हणाली. "केमोच्या दुसऱ्या डोसला तू गेलीच नाहीस म्हणे."

"कायले जाऊ?" पार्वताबाईंनी पेला खाली ठेवला. पहिल्या डोसनंतर त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "तूच त शोध लावला. पेपरात फोटो आला तुहा. अंकुशनंच वाचून दाखवलं. उंदरायची गाठ बसली ना या सालीनं?"

"लहान झाली. पूर्ण बसली नाही."

"लहान त झाली. माही बी होईन."

प्रतिक्षाने येताना गाडीत बरंच ठरवून ठेवलं होतं. अर्काची मात्रा, माणसाचं शरीर, पुढच्या चाचण्या. ते सगळं तिने बाजूला ठेवलं.

"मोठीमाय, त्या उंदरांना गाठ मीच दिली होती. सुईनं पेशी टोचून. कुठली, कधीची, सगळं मला माहीत होतं. तुझी गाठ तशी नाही. या काढ्यानं ती थांबेल की नाही, मला खरंच माहीत नाही. आणि थांबून पाहायला आपल्याकडे वेळ नाही."

पार्वताबाईंनी राखेत काडी फिरवली. बाहेर कोणीतरी बोडीवर पाणी पाजून गुरं घेऊन परतत होतं.

"बरे झाले ते उंदरं आता कुठी आहेत?" त्यांनी सहज विचारलं.

प्रतिक्षाने बॅग उंबऱ्याच्या आत ओढून घेतली.

"सांग ना. पिंजऱ्यातच ठेवता का सोडून देता?"

"नाहीत ते आता. प्रयोग संपला की सगळ्यांना मारावंच लागतं. आत किती गाठ उरली ते काढून, वजन करून पाहायला."

"बरे झाले त्यायले बी?"

"त्यांना पण."

"कोण मारते?"

"मी," प्रतिक्षा म्हणाली. "त्रास होऊ नये अशी पद्धत असते. पण मीच."

बराच वेळ पार्वताबाई तिच्या हातांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हात लांबवून तिची बोटं आपल्या मुठीत घेतली. त्यांचा तळवा काढ्याच्या पेल्याने अजून गरम होता.

"काहून सांगितलं नाही कधी?"

"तुला काय सांगू? साल तूच दिली होतीस."

उरलेला काढा गंजात निवत होता. पार्वताबाईंनी त्याच्यावर झाकण ठेवलं.

"त्या नागपूरच्या दवाखान्यात," त्या जपून म्हणाल्या, "बऱ्या झालेल्या बायायले घरी पाठवतात ना?"

प्रतिक्षाला त्यांच्याकडे पाहवेना.

"पाठवतात. मी स्वतः घेऊन येईन तुला."

"मंग अंकुशले सांग, सकाळी जाऊन राहिलो म्हणा."

सकाळी साकोलीहून नागपूरच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली. गाडी हमरस्त्याला लागली तसा जंगलाचा पट्टा मागे पडत गेला. कडूसालीचं ते झाड अजून तिथंच आहे का, हे विचारायला प्रतिक्षाने तोंड उघडलं, पण मोठीमायचे डोळे जड झाले होते.

"भंडारा आला की उठव," पार्वताबाई म्हणाल्या, आणि पुतणीच्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेल्या.

भंडारा आला. गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. नागपूर अजून दूर होतं. प्रतिक्षाने मोठीमायला उठवलं नाही.