राखोलीच्या पुलावरची पिकअप

"आरं, हिला परत हितंच आनली?" टपरीवरचा बारकू चहाची गाळणी हातात धरूनच रस्त्यावर आला. "एक मानूस गेला तेवढं पुरं नाय काय?"

टेम्पोच्या मागे दोराने बांधलेली जुनी पिकअप कारभारीच्या गॅरेजसमोर येऊन थांबली होती. स्टिअरिंगवर नथू होता आणि त्याच्या शेजारी, पदर दातात धरून बसलेली त्याची बहीण मंजुळाबाई. नवरा गेल्यापासून ती नरोली रस्त्याला फारशी दिसलीच नव्हती. गाडीचा उजव्या बाजूचा पत्रा हेडलाइटपासून मागच्या चाकापर्यंत आत गेला होता. कारभारीने तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

मंजुळाबाई खाली उतरली. बारकूचं बोलणं तिने ऐकलं होतं, पण न ऐकल्यासारखं करून ती सरळ कारभारीपुढे येऊन उभी राहिली.

"कालच सोडली पोलिसांनी. नथू चालवनार आता. क्लच तुम्हीच खोला, भाऊ."

"वहिनी, राखोलीला दुसरे मिस्तरी हायेत."

"असतील. त्यांचा तुमच्या हातावर भरोसा व्हता. मले बी हाय. लोक काय बी म्हनोत."

लोक म्हणत होतेच. तिचा नवरा वाल्मिक आणि कारभारी एकाच गावचे, पारोळ्याकडचे. एकाच वर्षी दोघं सिल्वासात आले. वाल्मिकने कारखान्यात काही वर्षं काढून ही पिकअप घेतली आणि सुताची खोकी वाहू लागला. कारभारीने पत्र्याचं गॅरेज टाकलं. पिकअपचा एक नटसुद्धा वाल्मिक दुसऱ्या कुणाला पिळू देत नसे. होळीनंतर क्लचच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही सिलिंडरमध्ये नवी रबरं टाकली तीही कारभारीनेच. आणि श्रावणात, पावसाने अंधारलेल्या सकाळी, राखोलीच्या पुलाच्या मधोमध तोच क्लच बसला. गाडी न्यूट्रलला आली ती आलीच. पेडल खाली गेलं, पण गियर काही पडेना. मागच्यांचे हॉर्न सुरू झाले. वाल्मिक उतरला, उघड्या दारातून एक हात स्टिअरिंगवर ठेवून गाडी ढकलू लागला, आणि मागून आलेला टँकर त्याला गाडीसकट घासून निघून गेला.

क्लच कुणी केला होता? कारभारीने. लोकांना एवढं पुरे होतं. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आधी एकदोन टेम्पोवाले दुसरीकडे गेले, मग नरोलीचे सगळेच. कारभारीने कुणाशी वाद घातला नाही, कारण खरं काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं. रबर उलटं तर बसलं नसेल? रबरांचं किट जुनं तर नव्हतं? जेवताना घास हातात राहायचा आणि बोटं आपोआप ते रबर पुन्हा पुन्हा बसवून पाहायची. गाडी चौकीच्या आवारात अडकलेली. विचारायचं तर कुणाला?

आता ती दारात उभी होती. त्याने चाकांना दगड लावले आणि पोतं अंथरून तो खाली शिरला.

खालचं सिलिंडर सुटून हातात आलं. त्याने पिस्टन बाहेर काढायला पाहिलं तर तो हलेना. ठोकून ठोकून काढला. त्याच्या तोंडावरचं रबर भिजवलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं. बसवलं होतं मात्र सरळ, जसं बसवायला हवं अगदी तसं. त्याने वरचं सिलिंडर खोललं. तिथलंही तसंच, फुगून गच्च झालेलं. क्लचच्या तेलाच्या छोट्या टाकीत उरलेलं तेल त्याने बोटावर घेऊन हुंगलं, मग पंक्चर तपासायच्या टपात त्याचे थेंब टाकले. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच भरतात, आणि ते पाण्यात विरघळून जातं. हे वर तरंगत राहिलं, रंगीत तवंग धरून.

मशीनचं तेल! जवळच्या सायली गावातल्या कारखान्यांतून डबे, बाटल्या भरून नरोलीच्या खोल्याखोल्यांत यायचं ते. फुकटचं म्हटल्यावर लोक ते कशालाही वापरत. सायकलच्या चेनला, दाराच्या बिजागरीला, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना. सोनेरी, स्वच्छ, दिसायला शुद्ध तूप. पण ब्रेकच्या नि क्लचच्या रबराला ते विष. फुगवून फुगवून मारतं.

कारभारीचा जीव भांड्यात पडला. मित्र मेला होता, मित्राची बायको चार हातांवर पत्र्याच्या सावलीत बसली होती, आणि ह्या माणसाला आनंद झाला. झाला, त्याला काय इलाज? श्रावणापासून छातीवर धोंडा घेऊन फिरणारा माणूस तो. "येड्या वाल्मिक्या," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "मले इचारलं असतं तर!" त्याने फुगलेली रबरं पुसली, फडक्यात गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. काम उरकलं की आधी बारकूच्या टपरीवर जायचं आणि चार माणसांत, त्या गाळणीशेजारी, ही ठेवायची. मग बघू कोण काय बोलतं ते.

त्या हुरुपातच त्याने नळी बदलली, दोन्ही सिलिंडरं धुऊन काढली, नवं किट टाकलं, टाकीत ताजं ब्रेक ऑइल भरलं. आता फक्त नळीत अडकलेली हवा काढायची राहिली, आणि ते काही एकट्याचं काम नव्हे. वर कुणीतरी पेडल दाबून धरायचं, तोवर खालच्याने सिलिंडरवरचं निप्पल ढिलं करून हवा सोडायची. नथू तर बॅटरी चार्जिंगला घेऊन नाक्यावर गेलेला.

"मी बसते," मंजुळाबाई म्हणाली. "सांगा तसं करते."

नवऱ्याच्या जागेवर बसताना ती जरा अडखळली. मग बसली. कारभारी पुन्हा खाली गेला. तळाचा पत्रा गंजून त्याला भोक पडलं होतं, त्यातून तिची भेगाळलेली टाच दिसत होती.

"दाबा. अजून. हां, धरा."

निप्पलमधून फसफसत तेल आलं. त्याने निप्पल आवळलं.

"सोडा."

पेडल वर गेलं. पुन्हा दाबा, पुन्हा धरा. बुडबुडे कमी होत चालले. बराच वेळ त्या दोघांत एवढेच शब्द होते.

"भाऊ," वरून आवाज आला, "आषाढात तुम्ही गावाले गेले व्हते ना?"

"हो. आईचं वर्षश्राद्ध व्हतं."

"तवाच पेडल जरा ढिलं लागत व्हतं त्यांले. तेल कमी झालं म्हने. म्हने, कारभारी येईल तवा पाहू." टाच पेडलवरच होती. "म्या म्हनलं, कशाले थांबता? आमच्या कंपनीचं तेल हाय ना. एवढा मोठा लोखंडी साचा उचलतं, तुमचं पेडल नाही उचलनार? ते नको म्हनत व्हते. म्याच आनली बाटली, कामावरून येताना. ओतली बी म्याच, ह्या हातानं."

कारभारीचा पाना निप्पलवर तसाच राहिला.

"खरं सांगा, भाऊ. काय निघालं आतून?"

खिशातली रबरं त्याच्या बरगडीला टोचत होती. आता फक्त बाहेर निघायचं आणि फडकं उलगडायचं होतं. गेलेलं नाव परत आलं असतं, गेलेल्या गाड्या परत आल्या असत्या. आणि ही बाई? ही बाई त्या हातांनी पोरांना भाकरी कशी वाढणार होती? वाल्मिकचा त्याला भयंकर राग आला. मरून मोकळा झाला आणि हे मागे ठेवून गेला.

"रबर उलटं बसलं व्हतं," कारभारी म्हणाला. "माह्याच हातून."

"उलटं?"

"घाईत बसवलं तवा. तेलाचा काही संबंध नाही, वहिनी. पन आता ते कंपनीचं आनू नका. गेटावर धरलं त कामावरून काढतील."

वर ती रडू लागली. आधी हळू, मग घशातून ओरबाडून काढल्यासारखी.

"श्रावणापासून मी मलेच खात व्हते. घास गिळवत नव्हता. पोरांच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. मले वाटे, म्याच मारलं त्यांले. म्याच मारलं."

"नाही, वहिनी. तुम्ही नाही."

तिचं रडणं एकदम थांबलं. बोलली तेव्हा आवाज कोरडा होता.

"मंग तू मारलं."

कारभारीने निप्पलवर पाना पुन्हा नीट बसवला.

"भाऊ म्हनत व्हते मी तुले. आज बी तुह्याच दारात आले, लोकांचं ऐकलं नाही." मग ती ओरडलीच. "तुनं मारलं त्यांले! तुहे हात झडतील, कारभारी! हे हात झडतील तुहे!"

समोर टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. गाडीखालून त्याला त्यांचे फक्त पाय दिसले, सगळे इकडेच वळलेले. बारकूच्या चपला त्यात होत्या. कुणी काही बोलायची आता गरजही नव्हती.

कारभारीने डोळ्यांत गेलेली माती दंडाने पुसली. हवा अजून थोडी बाकी होती. ती राहिली तर गाडी पुन्हा कुठेतरी दगा देणार, आणि ह्या वेळी आत नथू असणार.

"दाबा," तो म्हणाला.

वरून पेडल आदळलं. इतक्या जोराने तिने आतापर्यंत एकदाही दाबलं नव्हतं. त्याने पाना फिरवला. तेल आलं, स्वच्छ, एकही बुडबुडा नसलेलं, आणि त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत गेलं.

"धरा," तो म्हणाला.

तिने धरलं.