गल्लीकडच्या सात रांगा

तिसरी गाठ मारून काकूंनी दिव्यावरचं गोणपाट आवळलं आणि शिडीवरूनच खाली वाकून विचारलं,

"दिसतोय का उजेड?"

"उजेड नाही दिसत," शिडी धरून उभे असलेले काका म्हणाले. "पण तू सगळ्या गल्लीला दिसतेयस. उतर लवकर. पडलीस तर झेलायची ताकद नाही माझ्यात, आधीच सांगून ठेवतो."

"तुम्ही शिडी धरा. पडायचं की नाही ते मी बघते."

साठीला टेकलेल्या बाईनं भर संध्याकाळी नगरपालिकेच्या खांबाला शिडी लावावी हे काकांना पटलेलं नव्हतं. पण चौतीस वर्षांच्या संसारात काकूंना न पटलेल्या गोष्टी करायला लावणं त्यांना जमलं नव्हतं, आणि पटलेल्या गोष्टी करण्यापासून थांबवणं तर नाहीच नाही.

गल्लीत काकूंना सगळे लालकाकू म्हणत. घरामागच्या काचघरात त्या सव्वीस वर्षं पॉइन्सेटिया वाढवत होत्या. झाड तसं देखणं, पण उफराट्या स्वभावाचं. बाकीची झाडं उजेडाकडे मान वळवतात, याला अंधार लागतो. ऑक्टोबर लागला की रोज रात्री चौदा तास मिट्ट काळोख, सलग दोन महिने. तेव्हा कुठे शेंड्याची पानं लाल व्हायला लागतात. मध्येच कोणी बॅटरी घेऊन फिरलं तरी झाड रुसतं आणि हिरवंच राहतं. म्हणून त्या दोन महिन्यांत काकू मागच्या बाजूला दिवा लावू देत नसत, स्वयंपाकघराच्या खिडकीला खाकी कागद चिकटवत. गल्लीत दिवा नाही म्हणून बाकीची माणसं नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडत. काकूंना मात्र तो अंधार फुकटचा मिळालेला होता.

यंदा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खांब उभा राहिला आणि पांढराफेक उजेड काचेतून थेट आत पडला. गल्लीकडच्या सात रांगा त्यात न्हाऊन निघाल्या.

पहिलं गोणपाट बांधलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी खाली होतं. काकूंनी पुन्हा बांधलं. पुन्हा खाली. चौथ्या दिवशी त्यांनी नीट पाहिलं. गोणपाट फाडलेलं नव्हतं, भिरकावलेलंही नव्हतं. चार घड्या घालून खांबाच्या बुडाशी ठेवलेलं होतं आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड होता.

"कोणीतरी व्यवस्थित माणूस दिसतो," काका म्हणाले.

"असू दे. आज बघतेच त्याच्याकडे."

त्या संध्याकाळी काकू शाल गुंडाळून फाटकाच्या आत उभ्या राहिल्या. सव्वाआठच्या सुमाराला पावलं वाजली. गल्लीच्या टोकाला राहणारी नर्स होती, पांढऱ्या गणवेशावर स्वेटर घातलेली. हातात फळं उतरवायची लांब आकडी. तिनं आकडी वर केली, गाठ सैल केली, गोणपाट खाली घेतलं. उजेड भसकन गल्लीभर पसरला. मग ती घड्या घालायला लागली.

"ठेव ते!" काकू बाहेर आल्या. "सरळ दुसऱ्याच्या वस्तूला हात घालतेस? झाडं माझी मरतायत, कळतंय का?"

नर्स दचकली, पण मागे सरली नाही.

"मरत नाहीत, काकू. हिरवी राहतात."

"माझ्यासाठी तेच मरण. या दिव्याची मागणी कुणी केली होती देव जाणे. मी अर्ज दिलाय, हा काढून टाका म्हणून."

"मागणी मी केली होती," नर्स म्हणाली. "चार वर्षं अर्ज करतेय. मागितला होता वळणावर, त्यांनी लावला इथे. मिळाला तो मिळाला म्हटलं. तुमच्या झाडांना लाल व्हायला अंधार लागतो. मला घरी जायला उजेड लागतो."

"एवढी वर्षं कशी जात होतीस?"

नर्सनं शेवटची घडी घातली. दगड उचलून हातातच धरला.

"जीव मुठीत धरून. दोन वर्षांपूर्वी तिथे, वळणावर, एकानं मला धरलं होतं. तुमच्या काचघराच्या मागच्या भिंतीशी. मी ओरडले, काकू. दोनदा ओरडले. तुमच्या घरात टीव्ही चालू होता, मला त्यातलं बोलणं ऐकू येत होतं. मी त्याला चावले म्हणून सुटले."

तिनं गोणपाटावर दगड ठेवला, पर्स खांद्यावर सरकवली आणि निघून गेली. वळणापर्यंत ती दिसत होती. पुढे दिसेनाशी झाली.

काकू घरात आल्या. काका टीव्हीसमोर होते.

"झाली का शोभा?"

"आवाज कमी करा जरा." काकू उभ्याच होत्या. "दोन वर्षांपूर्वी मागच्या बाजूला कोणी ओरडलं होतं का हो?"

काकांनी टीव्ही बंदच केला. रिमोट बाजूला ठेवला.

"तू म्हणाली होतीस, मांजरं भांडतायत," ते म्हणाले. "मी आवाज वाढवला."

काकूंनी शाल काढली, तिची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. जेवायला वाढलं, पण स्वतः बसल्या नाहीत.

सकाळी त्यांनी माळ्यावरची झाडून सगळी गोणपाटं खाली काढली.

"दिवा राहील," त्या दाभणात सुतळी ओवत म्हणाल्या. "आणि झाडंही लाल होतील. बघतेच कशी होत नाहीत ते."

पाच दिवस दोघांनी मिळून गोणपाटाला गोणपाट जोडलं, आतून काळं कापड लावलं आणि गल्लीकडच्या काचेला आतून छतापासून जमिनीपर्यंत पडदा केला. रोज संध्याकाळी पाचला तो ओढायचा, सकाळी सातला बाजूला करायचा. ओल्या गाद्या ओढाव्यात तसं ते ओझं होतं. काकांची पाठ धरली. काकूंच्या बोटांना घट्टे पडले, पण एकही संध्याकाळ चुकली नाही.

एकदा रविवारी दुपारी नर्स फाटकाशी थांबली.

"हे सगळं तुम्ही शिवलंत?"

"मग काय, नगरपालिकेनं शिवलं?"

नर्सनं आत येऊन शिवण बोटानं चाचपली. "टाके सैल आहेत, काकू."

"मग घाल तू घट्ट."

काकूंनी दाभण पुढे केला. नर्सनं तो घेतला. त्या रात्रीबद्दल तिनं काही काढलं नाही. काकूंनी एकदा तोंड उघडलं, मग तिच्यासाठी सुतळीचा गुंता सोडवून दिला.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा मागच्या भिंतीच्या रांगा अशा पेटल्या की काचेला लाली चढली. सव्वीस वर्षांत असा रंग आला नव्हता. पडद्याआधीच्या उजेडानं मागे पडलेल्या गल्लीकडच्या सात रांगांत मात्र नुसते देठ तांबूस झाले होते. फुलांचा व्यापारी टेम्पो घेऊन आला, फिरला, आणि त्या सात रांगांपुढे कपाळाला हात लावून उभा राहिला.

"ही कधी लाल होणार? नाताळ झाल्यावर? पुढच्या वर्षी इथे मनीप्लँट लावा, लालकाकू. दिव्याशी कुठवर भांडणार?"

"भांडतंय कोण? माझ्या काचघरात काय लावायचं ते मी ठरवीन. मागच्या रांगा उचलायला परवा या. यांना जानेवारीत न्या, नाहीतर नेऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वायरमन आला. त्यानं खांबाला शिडी लावली आणि खिशातून कागद काढला.

"अर्ज तुमचाच ना, आजी? मंजूर झालाय. हा दिवा काढायचाय."

काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी कागद लांब धरून वाचला. सही त्यांचीच होती, खाली दोन रेघा ओढलेली, रागात केलेली. त्यांनी कागद परत दिला आणि खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"काढायचा नाही."

"अहो, पण तुम्हीच लिहिलंय!"

"मीच लिहिलंय. आता मीच सांगतेय."

"असं नाही चालत, आजी. मंजूर झालेलं काम आहे. न करता परत गेलो तर साहेब मला सोलतील. काय सांगू त्यांना?"

"सांगा, म्हातारी खांबाला चिकटलीये."

वायरमनला हसू आलं. त्यानं शिडी काढली, गल्लीतून नजर फिरवली, वळणापर्यंत चालत गेला आणि मागच्या काचेतून आत बघत थबकला. तो परत आला तेव्हा काकू तिथेच होत्या.

"लेखी द्यावं लागेल," तो म्हणाला.

"देते ना. द्या कागद." काकूंनी तो भिंतीला टेकवला, त्याचं पेन घेतलं आणि दोन ओळी लिहून सही केली. वायरमननं वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"वळणावर? म्हणजे हा तिकडे सरकवायचा?"

"सरकवायचा नाही. हा इथेच राहील. तिथे दुसरा."

"अहो, पण तिथे तर तुमची..." त्यानं मागच्या काचेकडे हात केला.

"माझं मी बघीन. तुम्ही अर्ज साहेबांच्या हातात द्या, टेबलावर ठेवून येऊ नका."

तो निघाला तशा काकू फाटकातून आत वळल्या आणि त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली,

"अहो, पाठ बरी आहे का? अजून एक पडदा लागणार आहे."