माळ्यांच्या वहीतलं नाव

मी पास झाले. दुसऱ्या श्रेणीत, पण पास. आता हे वाक्य वाचलंच नाही असं धरून चला, कारण ते वर्षभर कुणालाच माहीत नव्हतं, मला तर नाहीच नाही.

आमचं कॉलेज तीनशे दहा वर्षांचं. पहिल्या दिवशी दालनात दोन टेबलं होती आणि दोन जाड वह्या. एकीपुढे ऐंशी जणांची रांग, दुसरीपुढे चिटपाखरू नाही. मी स्वतःला हुशार समजत असल्यामुळे दुसरीकडे गेले आणि झोकात सही ठोकली. ती बागेतल्या नोकरांची वही होती.

चूक संध्याकाळी उघडकीस आली. तोवर विद्यार्थ्यांची वही लाख लावून बंद झाली होती. वहीत खाडाखोड करायची नाही आणि एक माणूस दोन वह्यांत घालायचा नाही, हा कॉलेजच्या स्थापनेपासूनचा नियम. रजिस्ट्रारबाई काही दुष्ट नव्हत्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि धीर म्हणून सांगितलं, की दीडशे वर्षांपूर्वी तत्त्वज्ञानाचे एक प्राध्यापक स्वयंपाकघराच्या वहीत सही करून बसले होते. त्यांनी वर्षभर कांदे चिरले. जिन्यातल्या तैलचित्रात त्यांचे डोळे लाल आहेत ते त्यामुळे.

तर मी वर्षभर माळीण. इतिहासाचा तो अभ्यासक्रम एका वर्षाचा आणि प्रवेश जन्मात एकदाच मिळायचा. परीक्षेला बसता आलं नाही तर विषय संपला. फोनवर मी हे आईला सांगितलं. तिने माझ्या प्रवेशाचं अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. तिने विचारलं, की निदान समारंभातली ती टोपी तरी देतात का.

टोपी देत नव्हते, फावडं देत होते. ते माळीकाकांनी दिलं. चाळीस वर्षं याच बागेत काढलेला, एका दमात पाच शब्दांवर न जाणारा माणूस. दुसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, की रडतेस का. मी म्हटलं, परागकण गेले डोळ्यात. भोवती नुसते नेचे होते. ते म्हणाले, की नेच्यांना परागकण नसतात. मग त्यांनी माझं वर्गांचं वेळापत्रक मागितलं आणि खिशात घातलं.

सोमवारी इतिहासाच्या वर्गात, फळ्याशेजारी, नेच्याची एक कुंडी आली. कुंडी आली म्हणजे पाणी घालणं आलं, आणि ते बागेच्या माणसाचं काम. मी झारी घेऊन मागच्या दाराने आत गेले. सरांनी विचारलं, की किती वेळ लागेल. मी म्हटलं, पन्नास मिनिटं, मुळं खोल आहेत.

दुपारी कुंडी दुसऱ्या वर्गात. माझ्या तासांप्रमाणे ती जिने चढायची आणि उतरायची, आणि दोन्ही वेळा काकांच्याच खांद्यावरून. गुडघा धरून ते मधल्या पायरीवर टेकायचे. विचारलं की म्हणायचे, नेच्याला हवापालट लागतो. पानगळीपर्यंत सरांना सवय झाली. थंडीत तर ते कुंडीकडे बघून प्रश्न विचारायला लागले आणि उत्तर मी द्यायचे. पहिला नेचा पाणी जास्त होऊन गेला. काकांनी दुसरा आणला. मी झारीत पाणी भरणं बंद करून वही ठेवायला लागले.

अभ्यास झाला, पण परीक्षेचं काय? रजिस्ट्रारबाईंनी चार दिवस नियम चाळले. एक सापडला: वर्षभर काम केलेल्या नोकराला परीक्षेला बसता येतं, मात्र खातेप्रमुखाने स्वतः येऊन सांगायचं, की हे ज्ञान कामासाठी हवं आहे. माझे खातेप्रमुख म्हणजे माळीकाका. मध्ययुगीन इतिहास खुरपणीला कसा लागतो, हे मलाही सांगता आलं नसतं.

काका इस्त्रीचा सदरा घालून आले. मी दाराशी उभी. बाईंनी पेन उघडून विचारलं, "हिला इतिहास कशाला हवा, काका?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "रोज विचारते, हे झाड कुणी लावलं, ते कुणी लावलं. चाळीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. मला माहीत नाही हो. हिला शिकू द्या, मग ती मला सांगेल."

शब्द मी मोजले नाहीत, पण पाचाच्या बरेच वर होते. बाईंनी चष्मा पुसला आणि लिहून घेतलं. काकांनी खाली सही केली, जीभ दातांत धरून, सावकाश, रोप लावल्यासारखी.

आता पास झाल्याचं आठवायला हरकत नाही. आईने गल्लीला सांगितलं, की मुलगी दोन खात्यांतून उत्तीर्ण झाली. काकांना मी पहिलं झाड सांगितलं: फाटकाजवळचं, एकशे साठ वर्षांचं, लावणाऱ्याचं नाव माळ्यांच्याच वहीत सापडलं. ते तासभर त्याच्याखाली उभे होते.

त्याच संध्याकाळी मी प्राचार्यांना अर्ज दिला:

विषय: प्रमाणपत्रावरील सहीबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करण्यात येतो की, माझ्या प्रमाणपत्रावर आपल्या सहीशेजारी बागखात्याच्या प्रमुखांची सही घेण्यात यावी. त्यांना सही करण्यास वेळ लागतो, तरी समारंभ तितका वेळ थांबवावा. कागदावर जागा अपुरी पडल्यास आपली सही वगळण्यास अर्जदाराची हरकत नाही.