न कण्हणारी बस

जुनी बस चढाला लागली की अशी कण्हायची, की जांबोटीच्या वरल्या वाडीत निजलेलं पोरही कूस बदलायचं. नागुबाईची सगळी सकाळ त्या कण्हण्यावर बांधलेली. आवाज आला की अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला शेवटचा घास भरवायचा, साडी बदलायची आणि रस्ता गाठायचा. घड्याळ बघून तरी काय करायचं होतं? बस सहाला यायची तशी साडेसातलाही यायची.

दिवाळीनंतर विजेवरची बस आली. धूर नाही, धडधड नाही, मांजरासारखी येते आणि जाते. लोकांनी पेढे वाटले, नागुबाईनंही मेलीनं एक खाल्ला. आणि पंधरवड्यात तिची बस तीनदा चुकली. बेळगावच्या एका दवाखान्यात ती लादी पुसायची. तिथल्या बाईंनी परवा बजावलं होतं, आता एक खाडा झाला तर दुसरी बघते.

म्हणून आज तिनं सासऱ्याला अंधारातच उठवून भरवलं. निघणार तोच अंगणात विक्रम उभा. बसकंपनीचा माणूस, नव्या बसबद्दल लोकांना प्रश्न विचारायला काल मुक्कामाला आलेला.

"मावशी, पाच मिनिटं. बस अजून मागं कणकुंबीतच आहे, ही बघा," त्यानं मोबाईलवरचा नकाशा दाखवला. "मलाही तिनंच जायचंय."

शिकलेला माणूस, खोटं कशाला बोलेल? नागुबाईनं चहा टाकला. कान मात्र सवयीनं चढाकडेच लागलेले.

चहा पिऊन दोघं रस्त्यावर आली, तर रवळू गुरं घेऊन उभा.

"बस आत्ताच गेली की, आक्का."

विक्रमनं मोबाईल वर धरला, हलवला. वाडीत रेंज कधी असते, कधी नसते. चित्र तासाभरापूर्वीचं होतं.

"पुढची कधी?" त्यानं रवळूला विचारलं.

"दोनला."

नागुबाई मैलाच्या दगडावर टेकली. भांडायचं म्हटलं तरी अंगात त्राण लागतं. तिला राग आला नाही, नुसतं निजावंसं वाटलं.

"मावशी, पूर्वी बस आलेली कशी कळायची?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

"कण्हायची की ती. आमी ऐकायचो. ह्ये कुनी इचारलंच न्हाय. खुर्च्या कसल्या पायजेत, त्ये लई इचारलं."

"हे लिहायलाच हवं." त्यानं घाईनं टॅब काढला. "पहिला प्रश्न. तुम्ही या बसनं रोज जाता का?"

"आजपास्नं न्हाय."

"हो म्हणा, मावशी. नाहीतर पुढचं काही लिहिता येत नाही."

"मग लिवू नगं, लेकरा. माझ्या जागी दुसरी बाई आता लादी पुसाय लागली असंल."

विक्रमनं 'नाही'वर बोट ठेवलं. फॉर्म आभार मानून मिटला. नागुबाई उठली आणि म्हशीला पाणी दाखवायला घराकडे वळली.